सीबीआर ९.८, ९.८, ९.८

एफवाय बीएस्सीचं केमिस्ट्रीचं जर्नल उघडा. ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची खुणांची काचेची नळी) रीडिंगच्या तक्त्यात ९.८, ९.८, ९.८ आणि खाली चौकटीत सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८ मिली. ब्युरेटचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.१ मिली, एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे तीन रीडिंगं सारखी येऊच शकत नाहीत असं नाही. पण अख्ख्या बॅचच्या जर्नलांत दर प्रॅक्टिकलला तीच येत असतील, तर ते टायट्रेशन (एक द्रावण थेंब थेंब सोडून दुसऱ्यातला पदार्थ मोजणं) नव्हे, पाट्या टाकणं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की रीडिंग जुळवून घेण्याची ही सवय पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं नुकसान करते. क्वांटम नंबर पाठ होतात, ऑर्बिटलची चित्रं काढता येतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं गाईड आणलं की थिअरी निघून जाते. पण १० मिली द्रावणात पदार्थ नेमका किती आहे हे हाताला कळतं ते फक्त त्या काचेच्या नळीपाशी. आणि रीडिंग चुकलं तर ते कुठल्या बाजूला चुकलं, यावरून काय बिघडलं ते सांगता येतं.

उदाहरणार्थ, ब्युरेट डिस्टिल्ड वॉटरने विसळली आणि तशीच द्रावण भरून सुरुवात केली. आतलं द्रावण पातळ झालं, रीडिंग जास्त येणार. पिपेट (ठरलेलं माप उचलून फ्लास्कमध्ये सोडणारी नळी) तशीच ओली राहिली तर उलट, फ्लास्कमध्ये पदार्थ कमी गेला, रीडिंग कमी. म्हणून या दोन्ही आपापल्या द्रावणाने विसळायच्या. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. त्यात पाणी राहिलं तरी मोल बदलत नाहीत; द्रावणाने विसळला तर भिंतीला चिकटलेलं द्रावण फुकट मोजलं जातं. पिपेटच्या टोकाला उरलेला थेंब फुंकून पाडणारे तर दर बॅचला असतात. साध्या पिपेटवरची खूण तो थेंब आत राहणार हे धरूनच केलेली असते. नोझलमधला बुडबुडा मधेच सुटला, रीडिंग जास्त. फनेल ब्युरेटवर तसाच विसरला आणि त्यातून थेंब गळले, रीडिंग कमी.

वजनाचंही तेच. ०.१ नॉर्मल (लिटरमध्ये ०.१ सममूल्यभार) ऑक्झॅलिक ॲसिड १०० मिली करायचं तर साधारण ०.६३ ग्रॅम लागतं. मुलं काट्यापाशी बरोबर ०.६३०० यावं म्हणून चिमटीने खडे टाकत-काढत बसतात, मागे रांग लागते. काही गरज नाही! ०.६४१२ आलं ना, लिहा ०.६४१२. सममूल्यभार ६३.०३ धरून नॉर्मॅलिटी ०.१०१७ निघते, पुढचं गणित त्या आकड्याने करा. ०.१ हा आकडा सोयीचा आहे, पवित्र नाही.

खरी गंमत पोटॅशियम परमँगनेटची. ब्युरेटमध्ये परमँगनेट, फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक, त्यात साधारण तेवढंच डायल्यूट सल्फ्युरिक, आणि ६०-७० अंशांपर्यंत गरम. उकळायचं नाही, उकळलं तर ऑक्झॅलिक ॲसिडच थोडं विघटित होतं आणि रीडिंग कमी येतं. पहिला थेंब पडतो, गुलाबी रंग जातच नाही, आणि कोणीतरी ओरडतं, "सर, एंड पॉइंट आला!" रिॲक्शन ०.१ मिलीलाच पुरी झाली? हलवत राहा, थोडा वेळ थांबा. सुरुवातीला ही रिॲक्शन रेंगाळते. तयार होणारे मँगनीज आयनच पुढे कॅटॅलिस्टचं काम करतात, मग रंग पडल्या पडल्या उडू लागतो. मधेच द्रावण तपकिरी गढूळ झालं तर ॲसिड कमी पडलंय किंवा परमँगनेट भसाभस सोडलंय. मँगनीज डायऑक्साइड झालाय तो. फ्लास्क ओता, नव्याने घ्या. हायड्रोक्लोरिक का नाही, हा व्हायव्हाचा ठरलेला प्रश्न. परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं, वाया जातं, रीडिंग फुगतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझिंग, त्यामुळे रीडिंग घटतं. आणि या एका ब्युरेटमध्ये रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं, कारण गडद जांभळ्यात खालचा वक्र दिसतच नाही.

०.१ नॉर्मल परमँगनेट म्हणजे ०.०२ मोलर, हे मात्र एकदा स्वतः मांडून बघा: पाच इलेक्ट्रॉन, रेणुभार १५८ भागिले ५, सममूल्यभार ३१.६. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीचा घोळ तिथल्या तिथे मिटतो. (अनुमापन म्हणा की टायट्रेशन, भागाकार तोच.)

ॲसिड-अल्कली टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग अर्ध्या मिनिटाने उडाला तर अजून अल्कली घालू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतोय, एंड पॉइंट होऊन गेलाय.

माझ्या मते पाण्याचा कठीणपणा मोजायच्या ईडीटीएच्या प्रॅक्टिकलला बाटलीतला ठरलेला 'अननोन' नमुना देणंही बंद करावं. पुण्यात बऱ्याच मुलांच्या घरी टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, बाकीच्यांकडे बहुधा खडकवासला धरणाचं. घरचं पाणी आणायला सांगा. ५० मिली पाणी, पीएच १० चा अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक चिमूटभर, आणि ०.०१ मोलर ईडीटीए. वाईन रेडचा जांभळा झाला की थेंब थेंब, लाल छटा पूर्ण जाऊन निळा झाला की थांबा. रीडिंग गुणिले २० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मिलिग्रॅम प्रति लिटर कठीणपणा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे ब्युरेट १० मिलीच्या पुढे गेली की पाणी पहिल्या मर्यादेबाहेर. शेजारच्याचं रीडिंग उतरवून काढायची सोयच राहत नाही, कारण त्याची सोसायटी वेगळी.