बोकडाच्या पोटातला हात

शेजारणीची धाकटी लेक यंदा कॉलेजला गेली. घर आवरताना शेजारणीने एक खोकं आमच्या दारात आणून ठेवलं. "तुमच्या बाळाला होईल," म्हणाली. उघडलं तर वर सात-आठ डीव्हीडी आणि तळाशी हातात घालून नाचवायची एक बाहुली, बोकडाची. एक शिंग थोडं सैल झालेलं, दाढीची लोकर चावून चावून घट्ट झालेली.

डीव्हीडी 'बेबी आइनस्टाइन' या बाळांसाठीच्या व्हिडिओंच्या होत्या. इथल्या, अमेरिकेतल्या, आजच्या कॉलेजच्या पोरांची अख्खी पिढी त्यांच्यासमोर रांगली आहे. त्यातल्या व्हॅन गॉगच्या भागात एक बोकड आहे, त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गोट. तो एकेक करून रंग दाखवतो, मागे संथ अभिजात संगीत चालू असतं, मधून मधून व्हॅन गॉगची चित्रं येतात. पडद्यावर फारशी गडबड नाही, पाहताना आपल्यालाही बरं वाटतं. आणि हे सगळं सुरू झालं ते आमच्याच गावात, अटलांटाच्या उत्तरेच्या अल्फारेटात. ज्युली एग्नर-क्लार्क नावाच्या, आधी शिक्षिका असलेल्या आईने १९९६ साली नवऱ्याच्या मदतीने, घरातले साठवलेले पैसे घालून हा उद्योग उभा केला. पहिल्या व्हिडिओत वेगवेगळ्या भाषांतल्या आया बाळगाणी आणि आकडे म्हणत होत्या. २००१ मध्ये डिस्नेने कंपनी विकत घेतली. जानेवारी २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात या बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला. दोन राज्यांतल्या हजारावर पालकांना फोन करून केलेली पाहणी. आठ ते सोळा महिन्यांची बाळं बाळांसाठीचे व्हिडिओ रोज जितके तास बघत, तितक्या प्रत्येक तासामागे त्यांना सहा ते आठ शब्द कमी कळत होते. डिस्नेने अभ्यासाचं प्रसिद्धीपत्रक मागे घ्या म्हणून विद्यापीठाकडे मागणी केली, विद्यापीठाने नकार दिला. पुढे त्या आकडेवारीवर बरेच वाद झाले आणि ते रास्त होते. फोनवरच्या पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. आई-बाप दमलेले असतील म्हणूनही घरात व्हिडिओ जास्त चालत असेल आणि बोलणं कमी होत असेल. तरी २००९ मध्ये कंपनीने डीव्हीडी परत घेऊन प्रत्येकी १५.९९ डॉलर, जास्तीत जास्त चार डीव्हीडींचे, परत देण्याची योजना जाहीर केली.

मला स्वतःला त्या पाहणीपेक्षा दुसरे दोन प्रयोग जास्त पटले. २०१० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांना महिनाभर शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवली. शेवटी त्या बाळांना काहीच न दाखवलेल्या बाळांपेक्षा जास्त शब्द येत नव्हते. ज्यांच्या पालकांना नुसती शब्दांची यादी दिली होती आणि जमेल तसं शिकवा म्हणून सांगितलं होतं, ती बाळं सगळ्यांच्या पुढे होती. ज्या पालकांना डीव्हीडी फार आवडली, त्यांना आपलं बाळ त्यातून पुष्कळ शिकलं असं वाटत होतं. हे वाचलं आणि मला पुण्यातली माझी ताई आठवली, आणि मीही.

दुसरा प्रयोग परदेशात मराठी घर चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. घरात इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं बारा वेळा बोलावली. चिनी मँडरिन बोलणारी माणसं त्यांच्यासमोर बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत. बारा बैठकींनंतर या बाळांना मँडरिनमधल्या ध्वनींचा फरक ऐकू येऊ लागला. तीच माणसं, तीच खेळणी, तेच शब्द दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवले, तर काहीही पदरात पडलं नाही.

माझी लेक दहा महिन्यांची आहे. दिवसा पाळणाघरात इंग्रजी, संध्याकाळी आम्ही दोघं मराठी. चाकातला च आणि चहातला च वेगळा, बाळातला ळ आणि बालकातला ल वेगळा, हे तिच्या कानात आत्ताच पडायचं आहे. म्हणून मीही तेच केलं होतं जे सगळे करतात. यूट्यूबवर मराठी बालगीतं लावून तिला पाळण्यात बसवायचं आणि आपण लॅपटॉप उघडायचा. कार्टूनमधला हत्ती मराठीत गातोय म्हणजे लेकीचं मराठी होतंय, असं मी स्वतःला पटवलं होतं.

बोकडाने माझं डोकं ठिकाणावर आणलं. डीव्हीडी लावायला घरात यंत्रच नाही, म्हणून मी बाहुली धुतली, शिंगाला दोन टाके घातले आणि हात आत घातला. लेक आधी बोकडाकडे बघत राहिली. मग खाली वाकली, माझं मनगट बघितलं, मग माझं तोंड, मग पुन्हा बोकड. "बें" म्हटलं की हसायची. मी मुद्दाम थांबलो. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग तिने हाताने बोकडाच्या तोंडावर चापट मारली आणि "बॅ" म्हणाली. बोकड लगेच "बें" म्हणाला. हे आम्ही किती वेळ केलं मला सांगता येणार नाही. ती दिव्याकडे बघायला लागली की बोकडही दिव्याकडे वळायचा आणि म्हणायचा, "दिवा!" पडद्यावरच्या व्हिन्सेंटला हे करता येणार नाही. त्याने कितीही सुंदर पिवळा रंग फासला तरी माझी लेक दिव्याकडे बघतेय हे त्याला दिसत नाही.

रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव लहानपणी पाहिला, तेव्हाही जीव त्या बाहुल्यात नव्हता. समोरचा प्रेक्षक काय म्हणतो त्यावर अर्धवटराव उलट उत्तर देतो, म्हणून तो खरा वाटायचा. आणि आपल्याकडे तर बाहुलीशिवायही प्राणी येतो. बाळाचा तळहात उघडून त्यावर मोर बसवायचा, दाणापाणी द्यायचं, आणि भुर्र करून उडवताना काखेत गुदगुल्या. तिसऱ्या वेळेला मोर उडायच्या आधीच बाळ खांदा आक्रसतं. त्याला पुढे काय येणार ते कळलेलं असतं. त्या अर्ध्या सेकंदात जे शिक्षण होतं ते कुठल्याही खोक्यात बांधून विकता येत नाही.

आता ताई. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. परवा व्हिडिओ कॉलवर तो जेवत होता, समोर मोबाईल, तोंडात घास, नजर हलत नाही. मी डब्ल्यूएचओचा २०१९ चा सल्ला सांगायला लागलो, की एक वर्षाच्या आत पडदा नकोच, दुसऱ्या वर्षातही नकोच. ताई म्हणाली, "अरे, तुला तिकडून बोलायला काय जातं? मोबाईल धरल्याशिवाय हा तोंड उघडत नाही. सकाळी नऊला मीटिंग, मावशी येत नाहीत, सासूबाईंचे गुडघे. एक दिवस येऊन भरव." मी गप्प बसलो, कारण ती खरं बोलत होती. एकट्या आईला वीस मिनिटं मिळावीत म्हणून लावलेला व्हिडिओ हा गुन्हा नाही. अल्फारेटातल्या त्या आईनेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं असं मला मनापासून वाटतं. चूक त्या वीस मिनिटांना 'शिक्षण' म्हणण्यात झाली. आराम म्हणून लावला तर आपण तो बंदही करतो. शिक्षण म्हणून लावला की तास वाढवत नेतो.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला. एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. आमच्या घरच्या ग्रुपवर तीन महिने दुसरा विषय नव्हता. निर्णय मागे घ्यावा असंच माझंही मत होतं, आजही आहे. पण त्या हजार मेसेजमध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकावर भांडण होतं, आणि दीड वर्षाच्या बाळाशी मराठीत बोलतंय कोण हे कुणीच विचारलं नाही. पुण्यात भोवती मराठी आहे म्हणून हा प्रश्न लपून राहतो. इथे तो रोज संध्याकाळी सहाला, पाळणाघरातून लेकीला उचललं की समोर उभा असतो.

इथे एक गोष्ट मात्र मुबलक आहे आणि ती वाया चालली आहे. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. सकाळी साडीवर स्वेटर आणि पायात बूट घालून आमच्या कॉलनीत चालणाऱ्या आज्या मी रोज बघतो. दुपारभर घरात एकट्या, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवर मालिका. आणि तिथून दोन मैलांवर मराठी घरातली बाळं पडद्यावरच्या हत्तीकडून मराठी शिकतायत.

आमच्या मंडळाच्या बैठकीत बाळांसाठी मराठी व्हिडिओ करायचा प्रस्ताव होता. पैसे जमलेही होते. मी उभा राहून म्हटलं, हे पैसे गाड्यांच्या पेट्रोलला द्या, आज्यांना बाळांकडे आणायला-सोडायला. थोडी वादावादी झाली. एका आजोबांनी विचारलं, "आम्ही करायचं काय तिथे?" मी पिशवीतून बोकड काढून त्यांच्या हातात घातला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, बोटं नीट बसवली आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या बाळाकडे वळवून घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय हो, तुमचं गाव कुठलं?"

शनिवारी सकाळी दहा वाजता सुरू करतोय. चार आज्या आणि ते आजोबा येणार आहेत. बोकड त्यांच्याकडेच आहे.