ओडेसाच्या रस्त्यावरचे वकील

पुण्यात वकिली करणारा माझा आतेभाऊ इकडे टेक्ससला येऊन गेल्यापासून एकच विषय लावून धरतो. मिडलंडहून ओडेसाला जाताना त्याने अपघाताच्या वकिलांचे फलक पाहिले. मोठा चेहरा, खाली फोन नंबर, 'ट्रकने धडक दिली?' असा प्रश्न. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि ते किती योग्य आहे हे त्याला त्या दिवशी कळलं म्हणे. तिकडच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी माना डोलावल्या. वकिली म्हणजे काय साबण विकणं आहे का, असं सगळ्यांचं मत.

मला याचा राग येतो. हे बोलणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी वकील आहे.

पर्मियनमध्ये, म्हणजे इथल्या तेलक्षेत्रात, काम करणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. तो लुइझियानातून, मेक्सिकोतून किंवा माझ्यासारखा साताऱ्यातून आलेला असतो, मॅन कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या वसाहतीत राहतो, हिच, म्हणजे सलग कामाची पाळी, संपली की निघून जातो. पेकोसकडे जाणाऱ्या २८५ हायवेला इथे 'डेथ हायवे' म्हणतात. खडक फोडून तेल काढायला लागणारी फ्रॅकची वाळू आणि खारं पाणी वाहणारे ट्रक त्यावर रात्रंदिवस धावतात. ट्रक ड्रायव्हरच्या आठवड्याच्या तासांचा हिशेब नव्याने सुरू करायला एरवी सलग ३४ तासांची सुट्टी लागते. तेलक्षेत्रातल्या ट्रकना केंद्रीय नियमांनीच २४ तासांवर भागवायची सवलत दिली आहे. तेलविहिरीवर ताटकळलेला वेळसुद्धा काही ड्रायव्हरांच्या ड्युटीत धरला जात नाही. कॅलिचीच्या, म्हणजे चुनखडी मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरून पहाटे हायवेला लागणारा माणूस किती जागलेला असेल, याचा अंदाज कुणालाही येईल.

पुढचा पेच कायद्याचा. टेक्ससमध्ये खासगी मालकावर कामगार विम्याची सक्तीच नाही. मालकाने विमा घेतला असेल तर जखमी कामगाराला सहसा त्याच्यावर दावा लावता येत नाही. घेतला नसेल तर लावता येतो, आणि मग 'थोडी चूक तुझीही होती' हा बचाव मालकाला मिळत नाही. शिवाय एका विहिरीवर ऑपरेटर, ड्रिलिंग कंत्राटदार, क्रेनवाला, पाणीवाला अशा चार-पाच कंपन्यांची माणसं असतात. आपला मालक सुटला तरी ज्याच्या निष्काळजीपणाने हात गेला ती दुसरी कंपनी सापडू शकते. हे प्लास्टरमध्ये पडलेल्या रफनेकला, म्हणजे रिगवरच्या कामगाराला, कोण सांगणार? दाव्याची मुदत साधारण २ वर्षं असली तरी ट्रक ड्रायव्हरच्या ड्युटीची नोंद कंपनीला ६ महिनेच ठेवावी लागते. ती जपण्याची नोटीस वेळेत गेली नाही तर पुरावा गेला. अशा दुसऱ्या कंपनीवरच्या दाव्यात दोष निम्म्याहून जास्त तुमचा ठरला तर भरपाई शून्य, त्यामुळे पुरावाच सगळं काही.

या फलकवाल्या वकिलांची फी जिंकल्यावरच, बहुधा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आतेभाऊ याला लूट म्हणतो. आपल्याकडे निकालावर फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. पण आमच्या शेजारच्या पोराला उसाच्या ट्रॉलीने चिरडलं, तेव्हा कागद करायला आधी पैसे मागणारा माणूस सिव्हिल हॉस्पिटलच्या दारातच भेटला होता. टेक्ससमध्ये अपघातग्रस्ताला ३० दिवसांच्या आत वकिलाने पत्र पाठवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. फलक चालतो, खाटेपाशी येणं चालत नाही. मला ही व्यवस्था जास्त सभ्य वाटते.

आतेभावाचं उत्तर ठरलेलं: आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. मिळतो, खरं आहे. पण ते त्या पोराच्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा फलक लावायला कुणी तयार नव्हतं.

मी इतका चिडतो याचं कारण माझ्याजवळ आहे. साताऱ्यात मला काही झालं असतं तर मामा कोर्टात होते, कुणीतरी धावलं असतं. इथे रिगवर जाताना माझ्या व्हिसाची दोरी मालकाच्या हातात आहे आणि संकटात कुणाला हाक मारावी असं नाव माझ्याकडे नाही. त्या फलकांवरचे नंबर मला पाठ झाले आहेत. आतेभावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, मला फोन कर की. त्याचा जीव आहे माझ्यावर, पण टेक्ससच्या कोर्टात तो उभा राहू शकत नाही.