आल्थिंगमध्ये ‘प्रत्येकाला मत’ नव्हतं

‘व्हायकिंगांनी जगाला लोकशाही दिली. आइसलंडची संसद, आल्थिंग, 930 पासून अखंड चालू आहे. तिथे राजा नव्हता, म्हणून सगळे समान होते आणि प्रत्येकाला मत होतं.’ हा मजकूर बऱ्याच दिवसांपासून फिरतोय. मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातल्या ‘थिंग’ या जनसभा मला मनापासून आवडतात, म्हणूनच हे खटकतं.

‘अखंड’चं आधी उरकतो. 1262 ते 1264 या काळात आइसलंडने नॉर्वेच्या राजाची सत्ता मान्य केली. आल्थिंगचे अधिकार हळूहळू आटले आणि 1800 मध्ये ती बरखास्तच झाली. 1845 मध्ये रेक्याविकला पुन्हा भरली ती निव्वळ सल्ला देण्यापुरती. कायदे करण्याचा अधिकार 1874 च्या राज्यघटनेने मिळाला.

आता मत. आल्थिंग जिथे भरे त्या थिंगवेलिरच्या माळावर दर उन्हाळ्यात माणसं दुरून यायची, पण कायदा ठरवणाऱ्या मंडळात मत होतं ते ‘गोदी’ म्हणवणाऱ्या सरदारांना. ते आधी 36 होते, 965 च्या सुमारास 39 झाले, आणि देशाच्या चार विभागांत समतोल राहावा म्हणून आणखी 9 जण घेतले. प्रत्येकाच्या पुढे एक आणि मागे एक सल्लागार बसे, त्यांना मत नसे. शेतकऱ्याला आपला सरदार बदलता येई, ही मुभा खरंच मोठी होती. पण सरदारकी वारशाने मिळे, विकतही घेता येई. ती बाईच्या मालकीची असली तरी चालवायला पुरुषच लागे. गुलाम तर हिशेबातच नव्हते.

समानतेचंही तसंच. खटल्याचा निकाल लागला तरी तो अमलात आणणारं सरकार नव्हतं, ते काम जिंकणाऱ्यानेच करायचं. पाठीशी माणसं नसलेल्याच्या हाती निकाल पडून उपयोग काय? म्हणून दुबळे लोक आपला दावा एखाद्या बलवानाकडे सोपवत.

आणि राजा नसणं ही थिंगची अट नव्हतीच. नॉर्वेत गुलातिंग, फ्रोस्तातिंग या सभा राजांच्या काळातही भरत होत्या. आइसलंडचे पहिले कायदेसुद्धा गुलातिंगच्या धर्तीवर बेतले गेले, असं जुनी आइसलंडिक परंपराच सांगते.

त्या मजकुरात जे यायला हवं होतं, ते वेगळंच आहे. 1117-18 च्या हिवाळ्यात कायदे लिहून काढायला सुरुवात झाली. त्याआधी ते माणसांच्या स्मरणात होते. तीन वर्षांसाठी निवडलेला ‘कायदेवक्ता’ दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणून दाखवी, म्हणजे तीन वर्षांत पूर्ण. एखादा भाग नीट आठवत नसेल, तर त्याने आदल्या दिवशी पाच किंवा जास्त जाणकारांना विचारून घ्यायचं, असाही नियम होता.