कौतुकाचं बिल माझ्याच टेबलावर

मला 'सायलेंट परफॉर्मर' पुरस्कार मिळणार आहे हे मला कुणी सांगितलं, माहितेय? ट्रॉफीवाल्याच्या बिलाने. मी अकाउंट्समध्ये, बिलं पास करायला माझ्याचकडे येतात ना! अ‍ॅक्रिलिकच्या ट्रॉफ्या, सोबत कोरायच्या नावांची यादी, आणि त्यात मी. म्हणजे नाव माझं, आडनाव गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या ज्युनिअर मुलीचं. एचआरने जुन्या यादीवरून उचलून चिकटवलेलं. एका अर्थी बरोबरच आहे म्हणा, तिचं कामही तेव्हापासून मीच ओढतेय.

वर त्या बिलावर आमचा जीएसटी नंबर चुकलेला आणि पीओचा, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, पत्ता नाही. मग ट्रॉफीवाल्याला फोन कोण करणार? मीच. स्वतःच्या सत्काराचं बिल दुरुस्त करून घेणारी सत्कारमूर्ती कुठे पाहिलीय का तुम्ही? शिवाय भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही, म्हणजे तो टॅक्सही गेलाच. हे मी सांगितलं तर 'तुम्ही फार निगेटिव्ह आहात' असं ऐकायला मिळालं.

कार्यक्रम ठेवला कधी? महिन्याच्या सतरा तारखेला. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा सतरा तारीख म्हणजे काय. चौदाला टू-बी, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, येतं; वीसला थ्री-बी, म्हणजे महिन्याचं टॅक्सचं रिटर्न, भरायचं. मधल्या दिवसांत आमचं परचेस रजिस्टर आणि पोर्टल जुळवायचं. पार्टीने, म्हणजे माल देणाऱ्याने, आपलं बिल जीएसटीआर-वनमध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, टाकलं नसेल तर ते टू-बीत दिसत नाही, दिसलं नाही तर क्रेडिट घेता येत नाही, आणि तेवढा टॅक्स कंपनीला खिशातून भरावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. म्हणून दिवसभर फोन. "भाऊ, मागच्या महिन्याचं बिल टाकलंत का?" "ताई, आमचे सीए गावाला गेलेत." "अहो, पण रिटर्न भरलं ना?" "ते काय ते त्यांनाच माहीत, ताई." अशा वीस भाऊंशी भांडून झाल्यावर हॉलमध्ये फुगे लावलेले, केक कापलेला, आणि मी टाळ्या वाजवायला उभी.

साहेबांचं भाषण ऐका. "या मॅडम कायम हसतमुख असतात. कधी तक्रार नाही. अशी माणसं म्हणजे कंपनीची संपत्ती." झालं! एवढंच! वर्षभर मी काय केलं याचा एक शब्द नाही. हसतमुख? मला हसताना यांनी पाहिलं कधी? एका मोठ्या पार्टीने आमचा टॅक्स भलत्याच कंपनीच्या नंबरावर चढवला होता. रक्कम सात आकडी. बिलावर नंबर बरोबर, पोर्टलवर चूक, त्यामुळे नुसतं बिल बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी शोधलं, मागे लागून लागून त्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली. तेव्हा साहेबांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा आला. आणि डायरेक्टरांच्या मीटिंगमध्ये तेच प्रकरण "आपण वेळीच पकडलं" असं सांगितलं गेलं. आपण म्हणजे कोण हो? आपल्याला टू-बी डाउनलोड तरी करता येतं का?

आणि आता तर अ‍ॅप आलंय. एकमेकांना शाबासकी द्यायची, पॉइंट मिळवायचे, पॉइंटवर व्हाउचर. पाचशेचं व्हाउचर वापरायला तीन हजारांची खरेदी करायची, आणि ३१ मार्चला उरलेले पॉइंट बाद. ३१ मार्चला! क्लोजिंगच्या दिवशी मी व्हाउचरवर चपला बघत बसू? प्रत्येक मॅनेजरला महिन्याला ठरावीक शाबासक्या देण्याचं टार्गेट आहे, त्यामुळे महिनाअखेरीला एचआरने मॅनेजरांना आठवण केली की धडाधड मेल पडतात: 'ग्रेट जॉब', 'कीप इट अप'. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. एकदा आमच्या ऑफिसबॉयला 'एक्सलन्ट क्लायंट प्रेझेंटेशन' आलं. बिचारा विचारत होता, मॅडम, माझं काही चुकलं का?

आता खरी मळमळ सांगते. रात्री आठनंतर थांबलं की जेवणाचा भत्ता मिळायचा. फार नव्हता, पण पोळीभाजी यायची. तो 'खर्चकपात' म्हणून बंद झाला, आणि त्याच तिमाहीत या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन 'स्टाफ वेल्फेअर' खाली पडलं. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या आहेत. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. आमच्या ताटातली पोळी काढून आम्हालाच टाळ्या वाढताय.

मध्यंतरी एक ट्रेनर आणला होता. त्याने स्लाइडवर हर्झबर्ग नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दाखवला: बघा, माणूस पगाराने खूश होत नाही, कौतुकाने होतो! साहेबांची मान अशी काय डोलत होती. अरे बाबा, त्या हर्झबर्गचा अभ्यास १९५९ साली छापून आला तो पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलूनच. आमचीच जात! आणि त्यात दुसरी बाजूही होती: कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती ही बिघडली की माणूस वैतागतो, आणि हा वैताग कौतुकाने भरून निघत नाही. शिवाय त्यातलं कौतुक म्हणजे काही तरी करून दाखवल्याची पावती. हसतमुख असल्याची नव्हे. ही स्लाइड कुठे गेली? जेवणाच्या भत्त्याबरोबर गेली असावी.

बरं, एवढी मी संपत्ती, तर अप्रेझलला काय? 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स.' मधला ढीग. का, तर बेल कर्व्ह, म्हणजे कोणत्या खान्यात किती डोकी बसवायची ते आधीच ठरलेलं. वरच्या खान्यात मोजकीच डोकी बसतात आणि ती सेल्सवाल्यांनी आधीच धरलेली. मायक्रोसॉफ्टने ही असली सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच टाकून दिली, आमच्याकडे अजून तिची आरती चाललीय. कारण विचारलं तर साहेब म्हणतात, "अकाउंट्समध्ये वेगळं काय दिसणार? सगळं वेळेवर झालं म्हणजे झालं." म्हणजे टाळ्या वाजवताना संपत्ती, आकडा टाकताना मधला ढीग. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि खालून शिडी काढून घ्यायची.

मला कौतुक नको असं कुणी समजू नका. हवंय! भुकेली आहे मी त्याची. स्टोअरमधले काका ऑडिटच्या वेळी मुद्दाम जिना चढून वर आले आणि म्हणाले, "मॅडम, त्या दोन हरवलेल्या चलनांच्या मागे तुम्ही लागलात म्हणून माझा स्टॉक जुळला, नाहीतर ऑडिटर माझ्या मानगुटीवर बसला असता." बस. ट्रॉफी नाही, केक नाही. पण त्या माणसाला माहीत होतं मी काय केलं ते. त्या आठवड्यात मी रात्री नऊ-नऊपर्यंत थांबले, पोळीभाजीशिवाय.

आणि हे फक्त आमच्याच कंपनीचं दुखणं नाही. गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशा ताईंना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं, आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यांच्यापुढे माझं रडगाणं किरकोळ आहे, कबूल. पण तऱ्हा तीच.

परवा एचआरचा सर्व्हे आला. 'तुम्हाला कामासाठी कशाने प्रेरणा मिळते?' पर्याय चार: ट्रॉफी, सर्टिफिकेट, टीम लंच, वरिष्ठांकडून आभाराचा मेल. खाली 'इतर' असा एक बारका रकाना. मी त्यात लिहिलं: ज्युनिअरची जागा वर्षभर रिकामी आहे, ती भरा. मिनिटभरात उत्तर आलं, 'आपल्या बहुमूल्य सूचनेबद्दल आभार', आणि माझ्या खात्यात दहा पॉइंट जमा.