पगारवाढ आणि ईएसआय

‘पगार वाढला की वाढ थेट एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत) टाका’ हा गुंतवणुकीवरच्या एका लेखातला सल्ला बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीतल्या कामगाराला महागात पडेल. त्याचा पगार २०,५०० वरून २३,००० झाला, की २१,००० ची मर्यादा ओलांडून तो ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून, बाहेर पडतो. स्लिपवरची १५४ रुपयांची कपात थांबते, माणूस खूश होतो. पण बायको-मुलांचे आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे औषधपाणी त्याच १५४ मध्ये होत होते! (ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, कपात मात्र त्यावरही होते.)

बाहेर पडणे लगेच नसते. जुलैत वाढ मिळाली तर कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालते आणि त्या एप्रिल-सप्टेंबर सहामाहीचे लाभ पुढच्या ३० जूनपर्यंत मिळतात. एप्रिलपासूनच वाढ लागू झाली तर कपात तिथेच थांबते, लाभ डिसेंबरअखेर संपतात. म्हणून वाढीतून आधी आरोग्य विमा, तोही ईएसआय चालू असतानाच. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, वडिलांच्या जुन्या बीपी-शुगरला तर ३ वर्षांपर्यंत थांबावे लागते. आणि २५,००० ला पोचलात की कर्नाटकात प्रोफेशनल टॅक्सचे महिना २०० (फेब्रुवारीत ३००) वेगळे. एसआयपी उरलेल्यातून.