काकी, कलमं विकू नका

सकाळपासून संताप उतरत नाहीये, म्हणून लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

शेजारच्या वाडीतल्या काकी भर पावसात आल्या. हातात एक पत्रक, भिजू नये म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेलं. वर ठळक अक्षरांत ‘स्टेम सेल थेरपी’ आणि खाली आजारांची यादी: गुडघेदुखी, मधुमेह, अर्धांगवायू, ऑटिझम, किडनी, केस गळणं, अंधत्व. औषध सगळ्यांना एकच, शिरेतून इंजेक्शन. तीन डोस, दोन लाख चाळीस हजार रुपये, त्यातले निम्मे आधी.

काकींचा नातू सात वर्षांचा आहे. शिमग्याला आजोबांच्या पानाच्या चंचीतली चुन्याची ट्यूब त्याने दाबली, टोपण उडालं आणि चुना उजव्या डोळ्यात गेला. आता त्या डोळ्यात फूल पडलंय, बुबुळावर पांढरट पडदा आणि त्यावर लाल शिरा. पत्रकातल्या ‘अंधत्व’ या शब्दावर बोट ठेवून काकी म्हणाल्या, “वरली कलमां इकलंय तर पोराचो डोळो बरो होतलो मा गे?”

देवगडात हापूसची कलमं विकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मला चीड कशाची येते सांगू? स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, स्वतः टिकून नव्या पेशी घडवत राहणाऱ्या. त्यांच्यावर जगभर माणसं आयुष्य घालवून जपून काम करतायत, आणि हे लोक त्यांच्या कष्टाचा शब्द उचलून त्यावर दुकान थाटतायत. त्याहून वाईट हे, की काकींच्या नातवाला खरोखरच मूळपेशींच्या उपचाराची गरज आहे! तो उपचार आपल्याच देशात होतो, फक्त तो त्या इंजेक्शनमध्ये नाही. कलमं विकून काकी नेमक्या चुकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

आधी चुन्याचं सांगते. चुना हा अल्क, म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट. आम्ल डोळ्यात गेलं तर वरचा थर साकळतो आणि बरेचदा तिथेच अडतं. अल्क पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करत आत उतरतो. शिवाय चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तासन्‌तास झिरपत राहतात. म्हणून त्या क्षणी करायचं ते एकच: पाणी. नळाचं, विहिरीचं, कळशीतलं, जे स्वच्छ मिळेल ते, निदान अर्धा तास सतत. वरची पापणी उलटी करून ओल्या कापसाच्या काडीने कण काढायचे, मग डॉक्टर. काकींच्या घरी काय झालं? कोणी दूध घातलं, कोणी तूप. घाबरलेल्या माणसांना काय बोलणार. पण तो अर्धा तास गेला तो गेलाच.

आता डोळ्यात नेमकं काय मेलं ते बघा. बुबुळाचा काळा भाग आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे भेटतात, तिथे जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं कडं असतं. त्याला लिंबस म्हणतात. पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या, सर्वांत वरच्या थराला नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळपेशी तिथे राहतात. तो थर सतत झिजतो आणि कड्याकडून मध्याकडे सतत नवा होत येतो. चुन्याने ते कडं जाळलं की पुरवठा बंद. मग पांढऱ्या भागाची त्वचा शिरांसकट बुबुळावर सरकते. ते फूल.

आणि म्हणूनच नुसतं नेत्रदानातलं पारपटल बसवून भागत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नवी काच बसवली तरी तिच्यावरचा थर काही दिवसांत झिजणार आणि नवा थर पाठवायला कडं जिवंतच नाही. काही काळाने पुन्हा फूल. दान मिळालेला डोळा वाया, घरच्यांची आशाही वाया.

हे काकींना कसं सांगावं सुचेना. मग आठवलं, काकी पावसाळ्यात स्वतः कोय कलमं बांधतात. रायवळ कोयीचं रोप कोवळं, पानं तांबूस असताना कापायचं, हापूसची तयार काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, पट्टी घट्ट आवळायची. काडी हापूसची हवी, काप कापाला मिळायला हवा, खुंटात रस हवा. एकही चुकलं तर काडी काळी पडते. मी म्हटलं, काकी, डोळ्याचंही असंच, बुबुळाच्या कड्याचीच काडी लागते. काकी पत्रकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मगे ते कांडी खंयसून हाडतत?”

एवढाच प्रश्न आहे! जी माणसं शिकलेली म्हणवतात आणि अशी पत्रकं व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतात, त्यांना तो सुचला नाही.

पत्रकवाले कांडी कुठून आणतात ते सांगते. नाळेतून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी शिरेतून सोडतात. त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. ते नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ अरनॉल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं, की हे नाव आता बदला, ‘स्टेम’ या शब्दाने लोकांची दिशाभूल होतेय. शिरेतून सोडलेल्या या पेशींपैकी बहुतेक पहिल्यांदा फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. डोळ्यापर्यंत पोचून बुबुळाचं कडं होणं त्यांच्या स्वभावातच नाही. फणसाच्या बुंध्यात आंब्याचा रस ओतून हापूस धरत नाही.

“गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?” हे दुसरं नेहमीचं वाक्य. अपाय होतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, आजाराच्या तीन वयस्कर बायकांची चरबी काढली, त्यातून ‘स्टेम सेल’ तयार केल्या आणि एकाच दिवशी प्रत्येकीच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी हे सविस्तर छापलं. त्या चालत आल्या होत्या, थोडंफार दिसत होतं म्हणून आल्या होत्या. दोन्ही डोळे एकाच दिवशी! साधा मोतीबिंदूसुद्धा डॉक्टर सहसा एका वेळी एकाच डोळ्याचा काढतो.

चहा पिऊन आले. जरा शांतपणे खऱ्या उपचाराबद्दल लिहिते.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कड्याच्या मूळपेशी बसवायची एक पद्धत प्रसिद्ध केली. संक्षिप्त नाव ‘स्लेट’. आधी अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून मग बसवायच्या, तशी सुरुवात इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी १९९७ मध्ये केली. पण त्याला धूळमुक्त खोली, महागडं माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, आणि आठवडे लागतात. स्लेटमध्ये पेशी वाढवण्याची खोली म्हणजे रुग्णाचा डोळाच. चांगल्या डोळ्याच्या कड्यातून सुमारे दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात. दुखऱ्या डोळ्यावरचा पडदा सोलून काढतात. त्यावर वारेचा पातळ पापुद्रा फायब्रिनच्या गोंदाने चिकटवतात. बाळंतपणात फेकून दिली जाणारी वार इथे शेतासारखी उपयोगी पडते. मग त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक तुकडे करून पापुद्र्यावर गोलाकार मांडतात, मधली नजरेची जागा मोकळी ठेवून. पेशींची बाजू वर राहिली पाहिजे, उलटा पडलेला तुकडा फुकट. पुन्हा गोंद, वर मऊ लेन्स. प्रत्येक तुकड्यातून पेशी पसरत जातात आणि दोनेक आठवड्यांत एकमेकींना भेटतात.

फसतं कुठे, तेही लिहिते, कारण पत्रकवाले ते लिहीत नाहीत. डोळा अजून लाल, धगधगता असताना केलं तर फसतं. अश्रू कमी असतील, पापणी आत वळलेली असेल किंवा डोळ्याला चिकटली असेल, तर आधी ते नीट करावं लागतं, नाहीतर कोवळा थर घासून निघतो. संस्थेनेच छापलेल्या १२५ जणांच्या नोंदीत ९५ डोळ्यांचा पृष्ठभाग टिकला, ३० जणांचा नाही. आपले ३० फसले हे जे छापतात त्यांच्यावर माझा विश्वास बसतो. आणि पृष्ठभाग टिकला तरी आत खोल व्रण असेल तर पुढे पारपटल बदलावं लागतं, पण मग ते टिकायची शक्यता असते, कारण आता कडं जिवंत असतं.

दोन्ही डोळे जळलेले असतील तर कांडी घ्यायला डोळाच उरत नाही. तिथे संशोधन लागतं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळ अवस्थेत नेलं. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. अशा पेशींपासून पारपटलाचा थर वाढवून जपानमध्ये ओसाकाच्या कोजी निशिदा यांच्या गटाने तो चार रुग्णांच्या एकेका डोळ्यावर बसवला, निष्कर्ष २०२४ मध्ये छापले. चारच रुग्ण. इतकी वर्षं आणि चार रुग्ण, कारण एक जरी पेशी कच्ची, न बदललेली राहिली तरी तिची गाठ होऊ शकते. कोबेमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २०१४ मध्ये पहिल्या रुग्णाच्या दृष्टिपटलाखाली असा थर बसवला, पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडले तेव्हा थांबले. रुग्ण तयार होता, पेशी तयार होत्या, तरी थांबले.

पत्रकाच्या मागच्या बाजूला एका गोल ऑरगॅनॉइडचं चित्र छापलंय, खाली ‘आता प्रयोगशाळेत मेंदू तयार होतो’. म्हणून याबद्दलही लिहितेच.

ऑरगॅनॉइड म्हणजे अवयवाच्या रचनेची बारीक नक्कल. आतड्याच्या अस्तराचा चिमुकला तुकडा थंड ईडीटीएत, म्हणजे पेशींची पकड सैल करणाऱ्या रसायनात, ठेवून हलवला की अस्तरातले खळगे सुटे होतात, मूळपेशी त्यांच्या तळाशी असतात. ते खळगे मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळायचे. मॅट्रिजेल बर्फावर पातळ, सदतीस अंशांना थिजतं. पिपेटचं टोक थंड नसेल तर टोकातच थिजतं आणि अख्खा दिवस जातो. थेंब बसला की वर माध्यम, त्यात ईजीएफ, नॉगिन, आर-स्पॉन्डिन ही वाढीचे संकेत देणारी प्रथिनं. माणसाच्या आतड्याला डब्ल्यूएनटीसुद्धा. दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलायचं, आठवड्याने गोळे मोडून नव्या थेंबांत वाटायचे. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या एकेका मूळपेशीपासून असं आतडं वाढवून दाखवलं. मेंदूचे ऑरगॅनॉइड मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी २०१३ मध्ये व्हिएन्नात केले. ते चारेक मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत, कारण आत रक्तवाहिन्या नाहीत आणि प्राणवायू मधोमध पोचत नाही, गाभा मरतो. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून बनतं, दर खेपेला थोडं वेगळं निघतं, आणि त्यात वाढवलेलं काही उचलून सरळ माणसात घालता येत नाही. ते मेंदूचं चित्र छापून अर्धांगवायूच्या माणसाकडून पैसे घेणं ही लूट आहे, मला दुसरा शब्द सापडत नाही.

ऑरगॅनॉइडचा खरा उपयोग आज होतोय तो औषध निवडायला. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात पेशींतून क्षार-पाणी ये-जा करण्याचा मार्ग बिघडलेला असतो. अशा रुग्णाच्या गुदाशयातला तुकडा घेऊन गोळे वाढवतात आणि त्यांवर तो मार्ग चालू करणारं फोर्स्कोलिन हे रसायन घालतात. क्षाराचा मार्ग चालू असेल तर पाणी आत शिरून गोळे फुगतात. औषध घालून फुगले, तर ते औषध या रुग्णाला लागू पडण्याची आशा. नेदरलँड्समध्ये दुर्मीळ जनुकीय बदल असलेल्या रुग्णांसाठी हे केलं गेलंय.

मधुमेहाचंही खरं काम आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मूळपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिनच्या पेशी पूर्ण मात्रेत दिलेल्या टाइप वन मधुमेहाच्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षाने बंद होतं. पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि आपल्याकडचा वयस्कर माणसांचा नेहमीचा मधुमेह तो हा नव्हे.

कोणी म्हणेल, मोठ्या हॉस्पिटलात दोन मिनिटं कोणी नीट बोलत नाही, म्हणून लोक पत्रकाकडे वळतात. मान्य. त्या क्लिनिकमध्ये काकींना खुर्ची दिली, चहा दिला, नातवाचं नाव विचारलं. हे आपल्याला जमायला हवं होतं.

पण नियम आहेत. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण वगळता, म्हणजे ज्याला आपण बोन मॅरो म्हणतो आणि ज्यासाठी आपली माणसं टाटाला जातात, अशी मूळपेशींची इंजेक्शनं चाचणीच्या चौकटीतच द्यायला हवीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणी इंजेक्शन सुचवलं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि कुणाच्या तरी मोबाइलवर तो उघडून बघा. पेशी कुठून आणल्या, कुठे जाणार, तिथे जाऊन काय होणार, हे मराठीत सांगायला लावा. पैसे मागितले तर उठा.

काकींसाठी कागद एकत्र केले. पहिल्या दिवसाचा केसपेपर, सध्याच्या थेंबांची चिठ्ठी, शिमग्यापासूनचे मोबाइलवरचे फोटो तारखेप्रमाणे लावून. डोळा शांत व्हायला किती दिवस लागले ते डॉक्टरला त्यातून कळतं. हैदराबादला ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यावर मोफत उपचार होतात, हेही सांगितलं. घाई मात्र आहे. सात वर्षांचा मुलगा आहे, या वयात डोळ्यावर पडदा राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे बघणं सोडून देतो, मग काच स्वच्छ झाली तरी नजर पूर्ण येत नाही. नंतर चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून त्या डोळ्याला कामाला लावावं लागेल, महिनोन्‌महिने. पोर रडेल, पट्टी ओढून काढेल.

काकींनी सगळं ऐकलं, पिशव्या पुन्हा घडी घालून ठेवल्या. पायरीवर थांबून विचारलं, “बऱ्या डोळ्याची कांडी काढल्यार तो सुकाचो नाय मा?”

नाही सुकत, काकी. दोनच मिलिमीटर घेतात, आणि ती जागा भरून येते.