ज्युरी नाही, गुणक आहे
अमेरिकेतल्या अपघात-वकिलांवरच्या लेखात त्यांची 'जिंकलो तरच फी' (आणि तीही मिळालेल्या भरपाईतला वाटा म्हणून) ही पद्धत छान सांगितली आहे. आपल्याकडे वकिलानं भरपाईत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत बसत नाही. (म्हणून होतच नाही असं नाही, हे मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात तासभर उभं राहिलेल्याला ठाऊक असतं!) शिवाय इथं गहिवर आणायला ज्युरीच (निवाडा देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) नाही. मृत्यूच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालापासून गुणकाचा (वर्षाच्या उत्पन्नाच्या नुकसानीला ज्यानं गुणून भरपाई काढतात त्या आकड्याचा) तक्ता ठरलेला आहे: मृताचं वय ३८ असेल तर १५, ४८ असेल तर १३. खरी झुंज उत्पन्न सिद्ध करण्याची. वडापावच्या गाडीवाल्याची पगारपावती आणायची कुठून? आमच्या वडापाववाल्या काकांच्या दाव्यात वकीलबाईंनी शेवटी काकांचीच भिशीची आणि पाववाल्याच्या उधारीची वही पुढे केली होती.